फ्रीड-एन-होपचा साखर मळा: एका पत्राने सुरू झालेली मजूर-योजना (१८३६–१८४३)

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर डेमेरारा नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, पश्चिम तीरावर फ्रीड-एन-होप नावाचा साखरेचा मळा होता आणि मळ्याचा स्वतःचा कारखानाही होता. नदीपलीकडे जॉर्जटाउन, तेव्हाच्या ब्रिटिश गयानाची आणि आजच्या गयानाची राजधानी. मे १८३८ मध्ये या मळ्यावर कलकत्त्याहून आणलेले सुमारे सत्तर मजूर उतरले. गुलामगिरी संपत असताना हिंदुस्थानी करारबद्ध मजुरांच्या जोरावर ऊस पिकवण्याचा कॅरिबियन भागातला हा पहिला प्रयोग. वर्षभराच्या आत चाबकाचे फटके, पळून गेलेले मजूर, सरकारी चौकशी आणि हिंदुस्थानातून मजूर नेण्यावर बंदी, इथपर्यंत गोष्ट गेली.

या प्रकरणाचा कागद शिल्लक आहे. मालकाची पत्रं, कलकत्त्याच्या कंपनीचं उत्तर, लंडनचे आदेश, चौकशीतल्या साक्षी असं बरंच काही वाचायला मिळतं, त्यामुळे कोणाला काय केव्हा माहीत होतं हे तारखेनिशी सांगता येतं. मळ्यावरचा व्यवस्थापक, दुभाष्या आणि मजूर यांची नावं मी इथे दिलेली नाहीत. निर्णय ज्यांच्या हातात होते त्यांची दिली आहेत. एक अपवाद पुढे येईल.

पार्श्वभूमी

डेमेराराचा किनारा भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. इथे शेती करायची तर आधी समुद्र थोपवायला हवा. डचांनी तो थोपवला, म्हणजे त्यांच्या गुलामांनी थोपवला. समोर समुद्राचा बांध, मागे दलदलीचं पाणी अडवणारा दुसरा बांध, मधे लांबट अरुंद पट्ट्यासारखा मळा, त्यात पाणी काढणारे चर आणि ऊस वाहून नेणारे कालवे. ओहोटीला झडपा उघडून पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद करायच्या. पुढे १९४८ साली साखर उद्योगाची पाहणी करणाऱ्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा दर चौरस मैल उसामागे ४९ मैलांचे निचऱ्याचे चर आणि १६ मैलांचे वाहतुकीचे व पाण्याचे कालवे निघाले. हे सगळं उभं करायला किमान १० कोटी टन चिखलमाती हलवली गेली असेल, असा त्या आयोगाचा अंदाज. फावडं एवढंच हत्यार होतं. डेमेराराच्या साखरेबद्दल बोलताना मला हा आकडा नेहमी आधी आठवतो, कारण मळ्याच्या किमतीत जमीन म्हणून जे मोजलं जाई ते मुळात माणसांचं काम होतं.

१८१४ मध्ये हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १८३१ मध्ये शेजारच्या बर्बीसशी जोडून त्याची ब्रिटिश गयाना ही वसाहत झाली. फ्रीड-एन-होपचे मालक जॉन ग्लॅडस्टन हे लिव्हरपूलचे बडे व्यापारी. मळे, जहाजं, कर्जव्यवहार आणि पार्लमेंटमधली ऊठबस असा त्यांचा पसारा होता. पुढे चार वेळा इंग्लंडचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन हा त्यांचा मुलगा. जॉन ग्लॅडस्टन यांनी डेमेरारात कधीही पाऊल ठेवलं नाही. मळे चालत ते व्यवस्थापकांच्या आणि मुखत्यारांच्या पत्रांवर.

या पत्रांतून काय पोहोचत नव्हतं, याचा इशारा आधी दोनदा मिळाला होता. १८२३ मध्ये डेमेरारात गुलामांचा मोठा उठाव झाला. त्याची सुरुवात ग्लॅडस्टन यांच्याच ‘सक्सेस’ या मळ्यावर झाली होती आणि हजारो गुलाम त्यात सामील झाले होते. दहा वर्षांनी, मे १८३३ मध्ये, खासदार लॉर्ड हॉविक यांनी पार्लमेंटमध्ये नेमकं फ्रीड-एन-होपचं नाव घेतलं. मळ्यावर साखर वाढत गेली आणि गुलामांची संख्या मृत्यूंमुळे घटत गेली, असा त्यांचा आरोप होता. ३ जूनला त्याला उत्तर द्यायला उभा राहिला तेवीस वर्षांचा विल्यम. वडिलांच्या मळ्याचा आणि तिथल्या व्यवस्थापकाचा त्याने हिरिरीने बचाव केला. मळ्यावर स्वतंत्र माणूस पाठवून खातरजमा करण्याची ही संधी होती. कुटुंबाने ती बचावात खर्च केली.

कारखाना

मजुरांचा प्रश्न एवढा अटीतटीचा का झाला ते समजायला कारखान्यात डोकावायला हवं.

त्या काळी बहुतेक मळ्यांवर साखर उघड्या काहिलींत शिजे. उसाचा रस चरकातून निघाला की त्यात चुना घालून मळी वर काढायची, मग एका भिंतीत ओळीने बसवलेल्या चार-पाच तांब्याच्या काहिलींतून तो पुढे पुढे ढकलत आटवायचा. प्रत्येक काहील आधीच्या काहिलीपेक्षा लहान आणि जास्त तापलेली, जळण म्हणून खाली चिपाडं. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. शेवटच्या काहिलीतला पाक थंड करून लाकडी पिंपांत भरत आणि पिंपाच्या तळाच्या भोकांतून काकवी निथळू देत. ती काकवी रम गाळायला जाई. उरलेली तपकिरी, ओलसर साखर जहाजावर चढे. उघड्या विस्तवावर बरीच साखर करपायची आणि वाटेतही बरीच झिरपून वाया जायची.

एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास व्हॅक्युम पॅनचं पेटंट घेतलं. बंद भांड्यातली हवा काढून घेतली की पाक कमी तापमानाला उकळतो, साखर जळत नाही आणि दाणा मोठा व स्वच्छ पडतो. लंडनच्या शुद्धीकरण कारखान्यांनी ते उचललं. पण उसाच्या मळ्यावर, वसाहतीत, ते आणणाऱ्या अगदी पहिल्या मालकांमध्ये जॉन ग्लॅडस्टन होते. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रीड-एन-होपवर व्हॅक्युम पॅन बसलं. पुढे ‘डेमेरारा साखर’ म्हणून जगभर नाव झालेले ते सोनेरी, मोठे दाणे याच पद्धतीतून आले.

या यंत्रासाठी मोठी रक्कम गुंतली होती आणि गुंतलेला पैसा गाळप मागतो. तोडलेला ऊस पडून राहिला की दिवसभरात उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घसरायला लागतो. म्हणजे तोडणी, कालव्यातून होड्यांनी वाहतूक, चरक आणि पॅन ही साखळी एकसलग चालायला हवी. पॅनने पाकशाळेतली नासाडी वाचवली, पण शेतातलं एकही माणूस कमी केलं नाही. उलट, माणसं वेळेवर आली नाहीत तर तोटा आधीपेक्षा मोठा होऊ लागला. नवं यंत्र आणि बांधलेला मजूर या दोन वेगळ्या काळांतल्या गोष्टी नव्हेत. एकाच मालकाच्या एकाच हिशेबात त्या शेजारी शेजारी बसल्या होत्या.

अडचण

१ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने गुलामगिरी संपली, पण गुलाम सुटले नाहीत. त्यांना ‘उमेदवार’ (अ‍ॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार) असं नवं नाव देऊन पूर्वीच्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तास बिनपगारी काम करायला लावलं. मालकांना मात्र ब्रिटिश सरकारने एकूण २ कोटी पौंडांची भरपाई दिली. त्यातले सुमारे १ लाख ६ हजार पौंड जॉन ग्लॅडस्टन यांना अडीच हजारांवर गुलामांच्या बदल्यात मिळाले.

उमेदवारी शेतमजुरांसाठी १८४० मध्ये संपायची होती. प्रत्यक्षात सगळ्यांचीच १ ऑगस्ट १८३८ ला संपली. त्यानंतर हीच माणसं कामावर येतील का, किती तास येतील आणि किती मजुरी मागतील, हा मालकांपुढचा प्रश्न होता. भीती अगदीच खोटी नव्हती. मुक्त झालेल्यांना स्वतःची जमीन हवी होती. १८३९ मध्ये ८३ जणांनी पैसे जमवून नॉर्थब्रुक हा सोडून दिलेला मळा विकत घेतला आणि तिथे व्हिक्टोरिया हे गाव वसवलं. बायका शेतातल्या कामातून बाहेर पडू लागल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत वसाहतीची साखर जवळजवळ निम्म्यावर आली.

तरीही मालकांनी या प्रश्नाला ‘मजुरांचा तुटवडा’ असं नाव दिलं, ते मला पटत नाही. माणसं तिथेच होती, काम त्यांच्या हातचं होतं आणि ती मोबदल्याबद्दल बोलणी करत होती. आधी कधी करता येत नव्हती म्हणून मालकांना त्याची सवय नव्हती.

समोरचे पर्याय

ग्लॅडस्टन यांच्यासारख्या मालकापुढे १८३६ मध्ये निदान चार वाटा होत्या.

मुक्त होणाऱ्या मजुरांशीच आधी बोलून मजुरी, घर आणि परसाची जमीन यांचे करार करता आले असते. भरपाईची रक्कम हातात होती, त्यातला काही भाग यासाठी वापरता आला असता. यात मालकाची अडचण पैशांपेक्षा सत्तेची होती. मजुरी बाजारभावाने ठरली की मजूर शेजारच्या मळ्यावर जाऊ शकतो.

दुसरी वाट युरोपातून माणसं आणण्याची. १८३५ मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर डेमेरारात आले होते. त्यांतले बरेच आजारी पडले, काही गेले आणि उरलेले शक्य होताच लहानसहान दुकानदारीकडे वळले.

तिसरी, मळा विकून पैसा दुसरीकडे नेण्याची. याच १८३६ साली बंगालच्या साखरेवरची ब्रिटिश जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आली होती, म्हणजे बंगालात गुंतवणूक करणं एकदम फायद्याचं झालं होतं. हा पर्याय त्यांना माहीत होता आणि नंतर त्यांनी तो धरलाही.

चौथी वाट मॉरिशसने दाखवली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ हिंदुस्थानी मजूर पाच वर्षांच्या करारावर पोर्ट लुईला उतरले होते. त्यानंतर तिकडे हजारोंनी माणसं जाऊ लागली. पुढच्या वर्षांत कोकणातली मराठी कुटुंबंही मॉरिशसच्या उसात गेली आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. मॉरिशसला मजूर पुरवणाऱ्यांत कलकत्त्याची गिलँडर्स, आर्बथनॉट आणि कंपनी होती आणि तिचे ग्लॅडस्टन कुटुंबाशी जुने संबंध होते.

पहिला निर्णय: पत्र आणि त्याचं उत्तर

४ जानेवारी १८३६ ला जॉन ग्लॅडस्टन यांनी या कंपनीला पत्र लिहिलं. मागणी साधारण शंभर तरुण, धडधाकट माणसांची. करार निदान पाच वर्षांचा. काम हलकं आहे, राहण्याखाण्याची सोय चांगली आहे, असं वर्णन त्यात होतं. हे सगळं त्यांनी न पाहिलेल्या मळ्याबद्दल लिहिलं होतं.

६ जूनचं उत्तर या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. माणसं मिळायला अडचण नाही, असं कंपनीने कळवलं. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या आदिवासींबद्दल, ज्यांना कलकत्त्याच्या व्यापारात ‘धांगर’ म्हणत, कंपनीने लिहिलं की लोक त्यांना माणसापेक्षा माकडाच्या जवळचे मानतात, त्यांना धर्म नाही, शिक्षण नाही आणि खाण्यापिण्या-झोपण्यापलीकडे गरजा नाहीत. पुढे आणखी एक गोष्ट होती: ज्या जागी जायला ही माणसं कबूल होतात त्या जागेबद्दल आणि प्रवासाच्या लांबीबद्दल त्यांना काहीही ठाऊक नसतं.

ही तक्रार म्हणून लिहिलेली नव्हती. सोय म्हणून लिहिलेली होती. करार करणाऱ्याला कराराची जागाही माहीत नाही हे पुरवठादाराने लेखी कळवलं आणि मालकाने मागणी पुढे चालू ठेवली. माझ्या मते प्रकरण इथेच ठरलं. नंतरचा चाबूक याच वाक्यातून निघतो, कारण न कळता केलेला करार चालवायचा तर समजुतीने चालवता येत नाही.

दुसरा निर्णय: सरकारची परवानगी

खासगी पत्रव्यवहार पुरेसा नव्हता. वसाहतीबाहेर केलेला करार वसाहतीत पाच वर्षं बंधनकारक मानला जावा, अशी कायद्याची तरतूद लागत होती. ग्लॅडस्टन यांनी वसाहतमंत्री लॉर्ड ग्लेनेल्ग आणि हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष हॉबहाउस यांच्याकडे शब्द टाकला. जुलै १८३७ मध्ये तसा आदेश निघाला. इकडे हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षीच्या पाचव्या कायद्याने कलकत्त्याहून जाणाऱ्यांसाठी नियम केले: अधिकाऱ्यासमोर हजर राहणं, कराराची मुदत पाच वर्षं, परतीच्या प्रवासाची हमी.

कागदावर हे वाईट दिसत नाही. पण निघण्याच्या बंदरात एक अधिकारी सही घेणार, आणि पोहोचण्याच्या बंदरात मजुराची बाजू घेणारं कोणीही नाही. उमेदवारांसाठी इंग्लंडहून नेमलेले दंडाधिकारी होते, पण त्यांना या माणसांची एकही भाषा येत नव्हती. मार्च १८३८ मध्ये लॉर्ड ब्रूम यांनी लॉर्ड्‌सच्या सभागृहात या आदेशावर कडाडून हल्ला केला. तोवर जहाजं समुद्रात होती.

प्रवास

‘व्हिटबी’ १३ जानेवारी १८३८ ला २४९ जणांना घेऊन निघालं, ‘हेस्परस’ २९ जानेवारीला १६५ जणांना घेऊन. दोन्ही ५ मेला पोहोचली. गयानात आजही ५ मे हा भारतीयांचा आगमन दिन म्हणून पाळतात. वाटेत १८ जण दगावले, त्यांतले १३ हेस्परसवर. ३९६ जण जिवंत उतरले आणि ते निरनिराळ्या मालकांच्या सहा मळ्यांवर वाटले गेले. ग्लॅडस्टन यांच्या वाट्याला फ्रीड-एन-होप आणि फ्रीड-एन-स्टीन हे दोन मळे मिळून शंभराच्या आसपास माणसं आली.

हेस्परसवरून उतरलेल्यांत १३५ पुरुष, ६ बायका आणि ११ मुलं होती. हा आकडा पुन्हा वाचावा. पाच वर्षं परमुलखात राहणाऱ्या वस्तीची ही रचना होती, आणि ती अपघाताने झालेली नव्हती. मागणीच कामाच्या हातांची होती.

भरती कशी झाली ते कलकत्त्यात नंतर बसलेल्या चौकशी समितीपुढे उघड झालं. दलालांनी अनेकांना खोटं सांगून आणलं होतं, निघेपर्यंत पहाऱ्यात ठेवलं होतं आणि आगाऊ पगाराचा मोठा हिस्सा मधल्या माणसांनी खाल्ला होता. उचल मजुराच्या नावावर आणि पैसा मुकादमाच्या खिशात, ही रीत ऊसतोडीच्या गावांत कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

मळ्यावर काय झालं

पहिले तीन महिने उमेदवारी चालू होती, त्यामुळे नव्या-जुन्या मजुरांचं काम शेजारी शेजारी चाललं. १ ऑगस्टनंतर जुने मजूर मोकळे झाले आणि मजुरीची बोलणी करू लागले. हिंदुस्थानी मजूर त्याहून कितीतरी कमी पगारावर पाच वर्षं अडकलेले. दोघांना एकाच शेतात फरक दिसत होता.

फ्रीड-एन-होपवर या माणसांशी बोलणारा एकच दुवा होता, कलकत्त्याहून सोबत आलेला दुभाष्या. तोच कामावर देखरेखही करत होता. मजुराची तक्रार वर नेणारा तोच आणि मजुराला शिक्षा करणाराही तोच. काही जण पळाले. त्यांतले दोघे पुढे मेलेल्या अवस्थेत सापडले. पकडून आणलेल्यांना मळ्याच्या दवाखान्यात कोंडून ठेवण्यात आलं. आजाऱ्यांची खोली हीच कोठडी होती.

बाकीच्या मळ्यांवरची स्थिती सारखी नव्हती. बेलव्ह्यू मळ्यावर आजारपण सगळ्यात भयंकर होतं. पायात शिरणाऱ्या चिगो पिसवांनी जखमा चिघळल्या आणि वर्षभरात तिथली बरीच माणसं गेली.

जानेवारी १८३९ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीचे कार्यकर्ते जॉन स्कोबल डेमेरारात आले, मळ्यांवर गेले आणि साक्षी गोळा करू लागले. त्यांच्या तक्रारींनंतर गव्हर्नर हेन्री लाइट यांना चौकशी नेमावी लागली. त्याआधी त्यांचा सूर समाधानाचा होता.

एलिझाबेथ सीझर

फ्रीड-एन-होपवरची सगळ्यात स्पष्ट साक्ष दिली ती एलिझाबेथ सीझर या स्त्रीने. तीच वर म्हटलेला अपवाद, तिचं नाव द्यायलाच हवं. ती त्याच मळ्यावरची, काही महिन्यांपूर्वीपर्यंत ‘उमेदवार’ असलेली. तिने सांगितलं की पळालेल्या मजुरांना दवाखान्यात कोंडलं, दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाच्या घराखालीच खांबाला बांधून नऊ पदरी चाबकाने मारलं आणि जखमांवर मिठाचं पाणी चोळलं. मारहाणीच्या वेळी व्यवस्थापक घरात होता, हेही तिने सांगितलं.

तिने का सांगितलं याचा विचार करण्यासारखा आहे. हिंदुस्थानी मजूर आणल्यामुळे तिच्यासारख्यांची मजुरी पडणार होती. मालकांचा हिशेब होता की दोन्ही गट एकमेकांचे स्पर्धक होतील, आणि पुढच्या काळात तसं बरंच घडलंही. पण या चौकशीत गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या बाईने, जिची भाषाही या माणसांना कळत नव्हती, त्यांच्यासाठी साक्ष दिली. तो चाबूक काय असतो हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुभाष्याला एक महिन्याची कैद आणि २० पौंड दंड झाला. व्यवस्थापकाला दूर करण्यात आलं. खटला तिथे संपला. पत्र लिहिणाऱ्यापर्यंत किंवा ते उत्तर पाठवणाऱ्यापर्यंत कोणतीच कारवाई गेली नाही.

परिणाम

कलकत्त्यात १० जुलै १८३८ ला टाउन हॉलमध्ये मजूर-निर्यातीविरुद्ध मोठी सभा झाली आणि लगेच निर्यात थांबवण्यात आली. मे १८३९ च्या चौदाव्या कायद्याने ती बंदी पक्की केली. कलकत्त्याच्या चौकशी समितीत रसमय दत्त हे बंगाली गृहस्थही होते. १८४० च्या फेब्रुवारीत वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी गव्हर्नर लाइट यांना लिहिलं की एका बाजूला भयंकर जीवितहानी आणि दुसऱ्या बाजूला गुलामगिरीची नवी पद्धत, असा शेवट होऊ शकणाऱ्या उपायाची जबाबदारी घ्यायला मी तयार नाही.

त्याच वर्षी ग्लॅडस्टन यांनी फ्रीड-एन-होप विकून टाकला.

मजूर मात्र करारात अडकलेलेच राहिले. १८४३ मध्ये मुदत संपली तेव्हाच्या हिशेबात ३९६ पैकी ९८ मेलेले किंवा बेपत्ता होते, २३८ परतीच्या जहाजांवर चढले आणि ६० जण तिथेच राहिले. चारातला एक गेला.

बंदी टिकली नाही. मॉरिशससाठी १८४२ मध्ये आणि वेस्ट इंडीजसाठी १८४४ मध्ये दार पुन्हा उघडलं. १९१७ पर्यंत एकट्या ब्रिटिश गयानात सुमारे २ लाख ३९ हजार हिंदुस्थानी मजूर गेले.

वेगळं काय करता आलं असतं

आजच्या नजरेने त्या काळाला जाब विचारणं सोपं आहे, असं कोणी म्हणेल. म्हणून मी फक्त त्या वेळच्या लोकांनी स्वतः सुचवलेल्या किंवा नंतर केलेल्या गोष्टी धरतो.

सप्टेंबर १८३८ मध्ये, म्हणजे जहाजं पोहोचल्यावर चार महिन्यांनी, लंडन सरकारनेच नवा आदेश काढला. मजुरीचा करार वसाहतीत पोहोचल्यावरच करावा आणि तो एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा नसावा. याचा अर्थ मजुराने मळा पाहावा, शेजारच्याला किती मिळतं ते ऐकावं आणि मग अंगठा उठवावा. हीच अट आधीच्या वर्षी घालता आली असती. ग्लॅडस्टन यांची योजना मग चाललीच नसती, कारण तिचा फायदा न पाहता केलेल्या सहीत होता.

१८४४ नंतर दोन्ही बंदरांवर पगारी अधिकारी नेमले गेले, निघताना एक आणि पोहोचल्यावर एक. पुढे बायकांचं किमान प्रमाण ठरवलं गेलं, १८६० च्या दशकाअखेर शंभर पुरुषांमागे चाळीस. या दोन्ही सुधारणा १८३८ च्या अनुभवातूनच आल्या. सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र दुभाष्याची होती: बोलणारा माणूस आणि हाकणारा माणूस वेगळा ठेवणं. ती १८३८ मध्ये एका जास्तीच्या पगारात झाली असती.

जे कोणी बदललं नाही ते कराराचं मूळ कलम. कामावर न येणं, मळा सोडून जाणं, ‘आळस’ करणं हे करार मोडणं नसून गुन्हा मानला जाई आणि त्यासाठी तुरुंग होता. अधिकारी वाढले, नोंदवह्या वाढल्या, जहाजांवर डॉक्टर आले, पण हे कलम राहिलं. १८६९ मध्ये वसाहतीतल्याच एका माजी दंडाधिकाऱ्याने, विल्यम डे व्हू यांनी, न्यायदान मालकधार्जिणं आहे असं लंडनला लिहिलं आणि १८७० मध्ये शाही आयोग बसला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८७२ मध्ये, डेव्हनशायर कॅसल मळ्यावरच्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मेले.

मळ्याच्या मालकाने बांधलेल्या मजुराऐवजी मोकळ्या मजुराशी बोलणी केली असती तर साखर महाग पडली असती का? काही वर्षं पडली असतीच. पण व्हिक्टोरिया गाव विकत घेणाऱ्या त्या ८३ जणांकडे मळे चालवण्याचं सगळं ज्ञान होतं: झडपा कधी उघडायच्या, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणारं पीक) किती वर्षं ठेवायचा, पाक कधी उतरवायचा. मालकाने आपला ऊस त्यांना वाट्याने लावायला दिला असता आणि गाळप कारखान्यात केलं असतं, तर व्हॅक्युम पॅनला लागणारा ऊस मिळाला असता. शेतकरी वेगळा आणि कारखाना वेगळा ही व्यवस्था त्याच शतकात पुढे क्यूबात आणि त्रिनिदादमध्ये उभी राहिली. फ्रीड-एन-होपवर पॅन आधीच बसलेलं होतं, भरपाईचे पैसे हातात होते आणि जाणकार माणसं नदीच्या दोन्ही तीरांवर राहत होती.

ग्लॅडस्टन यांच्या पत्रव्यवहारात त्या माणसांचा उल्लेख येतो तो उद्या कामावर येतील की नाही याची खात्री नसलेले हात म्हणून. त्यांना काय हवं आहे हे विचारायला कोणी मळ्यावर गेलं नाही.